क्रूझवर स्वतःची बाटली न्यायचीय? सांगलीहून निघण्याआधी हे वाचा

सांगलीकराला अथांग पाणी म्हणजे आयर्विन पुलाखालची पुरातली कृष्णा. त्यामुळे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सिंगापूरहून क्रूझवर जायचं ठरलं, तेव्हा घरात शंभर शंका निघाल्या. जहाज हलतं का, जेवण शाकाहारी मिळतं का, मोबाईलला रेंज असते का. सगळ्यांची उत्तरं आम्ही शोधली. एकाच गोष्टीची चौकशी कुणी केली नाही, आणि तिथेच घोळ झाला.

पलूसला वाइन पार्क आहे हे आपल्याकडच्यांना माहीत असतंच. तिथल्या एका ओळखीच्याने आम्हाला रेड वाइनच्या दोन बाटल्या भेट दिल्या. "समुद्रात उघडा," म्हणाला. आम्ही त्या टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातल्या. जहाजावर चढताना ती बॅग हमालाकडे दिली. संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा केबिनच्या दारात आल्या, आमची आली नाही. बायकोची जेवणाला नेसायची पैठणी त्यातच. शेवटी खालच्या मजल्यावर एका खोलीत जाऊन, सुरक्षारक्षकासमोर बॅग उघडून, बाटल्या त्याच्या ताब्यात देऊन बॅग सोडवून आणली. वाढदिवसाचं जेवण लिंबू सरबतावर झालं. बाटल्या शेवटच्या रात्री परत मिळाल्या.

चूक सर्वस्वी आमची होती. त्या जहाजावर माणशी एक वाइनची बाटली नेता येत होती, फक्त हातातल्या बॅगेतून. नियम तिकिटासोबत आलेल्या कागदात लिहिलेला होता. कोण वाचतंय ती चाळीस पानं?

त्यानंतर नातेवाईक, मित्र, मित्रांचे पाव्हणे असे बरेच जण मला फोन करून हेच विचारतात. दर वेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: बाटलीला चार दारं ओलांडायची असतात. आपलं राज्य, विमान, परदेशातलं कस्टम आणि मग जहाज. प्रत्येक दारावरचा रखवालदार वेगळा, आणि एकाने सोडलं म्हणून दुसरा सोडत नाही.

१. आधी जहाज कोणत्या कंपनीचं ते बघा

"क्रूझवर दारू चालते का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "एसटीत काय काय नेता येतं" असा प्रश्न असता तर एक उत्तर मिळालं असतं. इथे प्रत्येक कंपनीचा कायदा वेगळा. ठळक नमुने सांगतो.

रॉयल कॅरिबियन: पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची वाइन किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली, चढण्याच्या दिवशी, हातातल्या सामानातून. बिअर नाही, व्हिस्की-रम-व्होडका काहीही नाही. सिंगापूरहून जाणारे आपल्याकडचे बरेच लोक याच कंपनीच्या जहाजावर असतात, म्हणून हा नियम पाठच करा.

कार्निव्हल: जवळपास हेच. २१ वर्षांवरील प्रत्येकाला ७५० मिलीची एक सीलबंद वाइन.

नॉर्वेजियन: इथे वाइन हवी तेवढी न्या, पण चढतानाच प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली आणल्याची फी, भरा. साध्या बाटलीला १५ डॉलर, दीड लिटरच्या मोठ्या बाटलीला ३० डॉलर. केबिनमध्ये बसून प्यालात तरी पैसे द्यावेच लागतात.

डिस्नेची अमेरिकेतली जहाजं: माणशी वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन. बिअरला परवानगी देणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी ही एक.

एमएससी: बाहेरची दारू आणायचीच नाही. आपल्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करणाऱ्या कॉर्डेलियावरही तेच. मुंबईहून बसणार असाल तर बाटलीचा विषय इथेच संपवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरा आणि हात हलवत बॅलार्ड पिअरला जा, अंतर फार नाही.

हे नियम कंपन्या अधूनमधून बदलतात. एके काळी केबिनमागे दोन बाटल्या म्हणणारी कंपनी आज माणशी एक म्हणते. नवरा-बायकोला हिशेब तोच पडतो, एकटा जाणाऱ्याचा मात्र बदलतो. म्हणून बुकिंग झालं की कंपनीच्या संकेतस्थळावर "अल्कोहोल पॉलिसी" शोधा, त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून मोबाईलमध्ये ठेवा. ट्रॅव्हल एजंटच्या "होतंय ओ सगळं, न्या बिनधास्त" यावर जाऊ नका. गेटवर तुम्ही असता, तो मार्केट यार्डाजवळच्या आपल्या ऑफिसात असतो.

वयाचंही इथेच बघून घ्या. रॉयल कॅरिबियनवर अमेरिकेतून निघणाऱ्या फेरीत पिण्याचं वय २१, सिंगापूरसारख्या आशियातल्या बंदरातून निघणाऱ्या फेरीत १८. आपल्या महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. म्हणजे तुमच्या बावीस वर्षांच्या चिरंजीवांना सांगलीतल्या दुकानात व्हिस्की मिळणार नाही, जहाजावरच्या बारमध्ये मिळेल. हे त्यांना आधी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

२. बाटली कोणती घ्यायची

वाइन. बस्स.

इतकं साधं आहे तरी लोक फसतात, म्हणून खुलासा करतो. सीलबंद हवी, मूळ लेबल हवं, आकार ७५० मिलीच हवा. एक लिटरची बाटली "थोडीशीच मोठी" म्हणून चालत नाही. द्राक्षबागेतल्या मित्राने घरी केलेली, बिनलेबलची वाइन कितीही चांगली असली तरी नेऊ नका. तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो बाटलीतला लाल पातळ पदार्थ. अर्धी प्यालेली, बूच परत बसवलेली बाटली तर नाहीच नाही.

सोबत खरेदीचं बिल ठेवा. आपल्याकडे दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे बहुतेकांना पन्नाशीपर्यंत माहीत नसतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा हा परवाना आहे. विदेशी मद्याचा एक दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आयुष्यभराचा १००० रुपयांत मिळतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. एकदा आयुष्यभराचा काढून टाका, कटकट मिटते. मी काढला, तेव्हा वडिलांना सांगितलं नव्हतं.

आणि रेल्वेत बाटली उघडायची नाही. रेल्वेत नशेत सापडणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली गुन्हा आहे. मिरज ते मुंबई एक रात्र आहे, निघेल.

३. विमानात

केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली जात नाही, त्यामुळे वाइन चेक-इन बॅगेतच घालावी लागते. २४ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या पेयांना विमानाच्या सुरक्षा नियमात लिटरची मर्यादा नाही. वाइन त्यात बसते. २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला माणशी ५ लिटर, तीही दुकानातून आली तशा पॅकिंगमध्ये. अर्थात जहाजासाठी ती नेण्यात काही अर्थ नाही हे वर कळलंच असेल.

बाटली आधी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा, मग सोलापुरी चादरीत गुंडाळा, मग बॅगेच्या मधोमध ठेवा. कडेला ठेवली की फुटते. आमच्या एका मित्राची फुटली. त्याचे चार शर्ट अजून द्राक्षासारखे दिसतात.

कॉर्कस्क्रू केबिन बॅगेत ठेवू नका, पात्याचा असेल तर काढून घेतील. नेलाच नाही तरी चालतं. जहाजावरचा केबिन सांभाळणारा मुलगा मागितल्यावर आणून देतो.

४. परदेशात उतरल्यावर कस्टम

सिंगापूरचा नियम नीट लक्षात ठेवा, कारण तिथे दंड मोठे आहेत आणि माणसं गोड बोलत दंड करतात. वय १८ च्या वर हवं, सिंगापूरबाहेर ४८ तास किंवा जास्त राहून आलेलं असावं आणि मलेशियातून आलेलं नसावं. असं असेल तर माणशी एकूण दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते. एक लिटर कडक दारू आणि एक लिटर वाइन, किंवा एक लिटर कडक आणि एक लिटर बिअर, किंवा एक वाइन एक बिअर, किंवा दोन्ही लिटर वाइन, किंवा दोन्ही बिअर. दोन लिटर व्हिस्की या यादीत नाही. ७५० मिलीच्या दोन वाइन म्हणजे दीड लिटर, आरामात बसतं.

दुबईहून जाणाऱ्यांसाठी एकच इशारा. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून शारजाला उतरून तिथून टॅक्सीने दुबईच्या बंदरावर जायचा बेत असेल, तर बाटली घरीच ठेवा. शारजा अमिरातीत दारूबंदी आहे.

५. टर्मिनलच्या दारात: कोणती बॅग, तेच सगळं

आमचा घोळ झाला तो इथे. म्हणून जरा सविस्तर.

विमानात बाटली मोठ्या बॅगेत होती. जहाजावर ती हातातल्या बॅगेत हवी. म्हणजे मधल्या रात्री, हॉटेलवर, ती या बॅगेतून त्या बॅगेत हलवायला हवी. विमानतळावरून थेट बंदरावर जाणार असाल तर विमानतळावरच सामानाच्या पट्ट्याशेजारी बसून बॅग उघडा. लाज वाटते, पण नंतर जहाजाच्या पोटातल्या खोलीत बॅग उघडण्यापेक्षा बरं.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमाल घेतात, त्यांना केबिन नंबरची चिठ्ठी लावतात, त्या एक्स-रेतून जातात. त्यात बाटलीचा आकार दिसला की बॅग बाजूला. हातातली बॅग तुमच्यासमोर तपासतात. तिथे बाटली स्वतःहून बाहेर काढा, दाखवा. "दिस इज माय वन बॉटल, सर" एवढं इंग्रजी पुरतं.

नवरा-बायकोच्या दोन बाटल्या एकाच्याच बॅगेत ठेवू नका. प्रत्येकाची ज्याच्या त्याच्या हातात. तपासणारा माणसं मोजत नाही, बॅगेतल्या बाटल्या मोजतो.

आता लपवण्याबद्दल. आमच्यासोबतच्या एका दाजींनी व्हिस्की पाण्याच्या बाटलीत भरून आणली होती. रंगावरून कुणी विचारलंच तर चहा आहे म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "दाजी, बुचाचं सील तुटलंय." ते म्हणाले, "कोण बघतंय?" बघणाऱ्याने बूच काढलं, वास घेतला आणि हसत हसत बाटली मोरीत रिकामी केली. पाण्याच्या बाटल्या, माऊथवॉश, शॅम्पू यात दारू आणायच्या सगळ्या युक्त्या या लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. बऱ्याच कंपन्यांच्या नियमात लिहिलेलं असतं की अशी दारू ओतून टाकली जाईल आणि गरज वाटली तर प्रवाशाला उतरवलंही जाईल. सील असलेली जादा बाटली निदान जमा करून घेतात. लपवलेली गेली ती गेली.

याच जागी एका काकूंचं द्राक्षासव अडकलं. आसव-अरिष्टात आंबवण्यामुळे आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि लेबलवर तसं इंग्रजीत छापलेलं असतं. तपासणाऱ्याला "अल्कोहोल" एवढा शब्द पुरला. काकू म्हणत होत्या, "अरे बाळा, औषध आहे ते," आणि बाळ फिलिपिन्सचा. वैद्यांचं इंग्रजीतलं पत्र असतं तर सुटलं असतं असं मला वाटतं. नसेल तर आठ दिवस आसव बंद ठेवा किंवा वैद्यांना विचारून गोळ्या घ्या.

हातातल्या बॅगेत एका पाकिटात हे ठेवा:

- पासपोर्ट आणि बोर्डिंग पास
- कंपनीच्या दारूच्या नियमाचा स्क्रीनशॉट, शक्यतो छापून
- बाटलीचं बिल
- कुठलंही औषध असेल तर डॉक्टरची इंग्रजीत चिठ्ठी
- काही जमा करून घेतलं तर त्याची पावती (ही तिथे मिळेल, मागून घ्या)

चहाची इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री याच वेळी बॅगेतून काढून टाका. त्यांचा दारूशी संबंध नाही, पण त्यांच्याही नादात बॅग अडकते.

६. जहाजावर: कुठे उघडायची

केबिनमध्ये उघडलीत तर बहुतेक कंपन्या काही घेत नाहीत (नॉर्वेजियनचा अपवाद वर सांगितला). जेवणाच्या हॉलमध्ये नेलीत तर कॉर्केज लागतं. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हलवर बाटलीला १५ डॉलर धरून चला. वेटर ती रीतसर उघडतो, ग्लास लावतो. उरलेली बाटली नावाची चिठ्ठी लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवतातही.

मग पैसे वाचतात का? खरं सांगू, फारसे नाही. एका बाटलीने काय वाचणार? पैसे वाचवण्यासाठी म्हणून बाटली वाहून नेऊ नका. कुणी दिलेली, काही आठवण असलेली असेल तरच न्या. या निर्बंधांमागचं कारणही उघड आहे: तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बारवर कमवायचं, असा जहाजांचा धंदा आहे. शिवाय कोण किती प्यालं यावर त्यांना नजर ठेवायची असते, कारण मधल्या समुद्रात तोल गेलेल्या माणसाला घरी सोडायला रिक्षा मिळत नाही.

खरा खड्डा पुढे आहे: ड्रिंक्स पॅकेज. दिवसाला ठरावीक रक्कम भरा आणि प्या. ऐकायला झकास. पण रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आपल्याकडे नवरा घेतो आणि बायको कोकम सरबतावर खूश असते, अशी जोडपीच जास्त. समजा दिवसाचा दर ८० डॉलर आहे. चार रात्री, दोघं: ६४० डॉलर. वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ७५५ च्या घरात. रुपयात साठ हजारांवर गेलं! एवढ्यात घरच्या सगळ्यांचं कोकण होतं. दुसरा माणूस पीतच नसेल तर बुकिंगच्या वेळी कंपनीला फोन करून त्याला फक्त सरबत-कॉफीचं पॅकेज चालेल का ते विचारा. ऑनलाइन पानावर तो पर्याय दिसत नाही.

कार्निव्हलच्या पॅकेजला तर दिवसाला १५ अल्कोहोलिक ड्रिंक्सची मर्यादा आहे. ज्याला ही मर्यादा कमी वाटते त्याच्याबरोबर प्रवासाला जाऊ नका.

दिवसाला एखादा ग्लास घेणाऱ्याने पॅकेजच्या फंदात पडू नये. सुटं घ्यावं आणि रोज रात्री मोबाईलवर बिल बघावं.

७. मधल्या बंदरावर घेतलेली बाटली

बंदरावर उतरलात, दुकान दिसलं, स्वस्त आहे, घेतली. घ्या खुशाल, पण बहुतेक जहाजांवर परत चढताना ती सुरक्षारक्षक जमा करून घेईल, पावती देईल आणि प्रवासाच्या शेवटी परत देईल. जहाजावरच्याच ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेल्या बाटलीचंही तसंच. प्यायला मिळेल या आशेने घेऊ नका.

दोन ठिकाणी मात्र घेऊच नका, नेऊही नका.

लक्षद्वीप: बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी आहे. जहाजाच्या बारमधून बेटावर काही घेऊन उतरायचं नाही.

गोवा: आपल्याला अंबोलीवरून, इन्सुलीच्या नाक्यावरून जायची सवय, त्यामुळे गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणली की काय होतं ते माहीत आहे. मुंबई-गोवा क्रूझने गेलं की लोकांना वाटतं समुद्रातून नाका लागत नाही. "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं छापलेली बाटली मुंबईच्या धक्क्यावर उतरवली तरी ती महाराष्ट्रातच आली. कायदा तोच.

८. परत येताना

उतरायच्या आदल्या संध्याकाळी जमा केलेल्या बाटल्या केबिनमध्ये येतात किंवा एका ठिकाणी रांग लावून घ्याव्या लागतात. कुठे, किती वाजता, ते रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापतात. आम्ही गेलो तेव्हा अर्धा तास रांग होती, म्हणून जेवणाआधीच जा. पावती हरवली तर केबिनचं कार्ड दाखवून मिळते, पण रजिस्टर उलगडत बसतात.

सिंगापूरला परतणाऱ्यांनी एक हिशेब करायचा. आपल्या तीन-चार रात्रींच्या बऱ्याच फेऱ्या पेनांग किंवा पोर्ट क्लांगला थांबून येतात, आणि ती दोन्ही मलेशियात. मलेशियातून आलात तर वर सांगितलेली दोन लिटरची सूट मिळत नाही. हातात बाटली असेल तर उतरल्यावर लाल वाटेने जा, दाखवा, ड्यूटी सांगतील ती भरा. बाटली घ्यायचीच असेल तर त्यापेक्षा परतीच्या विमानाआधी विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीत घ्या आणि सीलबंद पिशवी मुंबईपर्यंत उघडू नका. मध्ये विमान बदलायचं असेल तर पिशवीचं सील आणि बिल दोन्ही तपासतात.

भारतात उतरताना माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते. इथे वाइन, कडक असा फरक नाही, एकूण दोन लिटर.

आमच्या पलूसच्या दोन बाटल्या अशा रीतीने सिंगापूर, मलाक्काची सामुद्रधुनी, परत सिंगापूर आणि मुंबई असा प्रवास करून सीलबंद विश्रामबागला आल्या. महिन्याभराने गच्चीवर उघडल्या. देणारा मित्रही होता. त्याने विचारलं, "समुद्रात कशी लागली?" बायको म्हणाली, "विचारू नका, भावजी. ग्लास घ्या."